तासाभराचा कॉल आणि चोवीस तासांची ड्युटी

ताई,

मी एका वृद्धसेवा केंद्रात इन्चार्ज सिस्टर आहे. रहिवासी चाळीसच्या आसपास, त्यातल्या निम्म्यांहून अधिक जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. चार महिन्यांपूर्वी व्यवस्थापनाने दुसऱ्या शहरातल्या एका टीमशी करार केला. त्यात वृद्धरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट आहेत. दर बुधवारी दुपारी तासभर व्हिडिओ कॉल असतो. मॅनेजरसाहेब लॅपटॉपसमोर बसून बोलतात, आम्ही मागे उभ्या राहतो. आठ-दहा जणांची नावं घेतली जातात, प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं होतात आणि कॉल संपतो.

आमच्याकडचे एक आजोबा आंघोळीच्या वेळी मारतात. मागच्या महिन्यात एका मदतनीस मुलीचं मनगट मुरगळलं. मी कॉलवर शांत करायची गोळी मागितली. ती त्यांनी दिली नाही, उलट मलाच ढीगभर प्रश्न विचारले, आणि वर ‘आंघोळीआधी अर्धा तास त्यांच्याशी गप्पा मारत जा’ असं सांगितलं. सकाळच्या शिफ्टला आम्ही तिघी आणि आंघोळी बावीस. कुठून आणायचा अर्धा तास? मावशी तर म्हणतात की ही माणसं आमच्या चुका शोधायलाच बसवली आहेत.

हे सगळं बंद करा असं साहेबांना सांगू का? की आम्हालाच ते वापरता येत नाहीये?

— एक इन्चार्ज सिस्टर

सिस्टर,

बंद करा असं सांगू नका. पण आत्ता चाललंय तसं चालू ठेवण्यातही काही अर्थ नाही. त्यापेक्षा तुमच्या तिघींना तो तास पाय लांब करून बसायला दिला तर रहिवाशांचं जास्त भलं होईल.

तुमच्या पत्रात मला गोळीपेक्षा आणि अर्ध्या तासापेक्षाही जास्त खटकलं ते हे, की साहेब बसतात आणि तुम्ही मागे उभ्या राहता. मी स्वतः अशा कॉलच्या दुसऱ्या टोकाला बसते, तेव्हा तिथून काय दिसतं ते सांगते. एका माणसाचं कपाळ दिसतं, छताचा कोपरा दिसतो, आणि मागे खिडकीच्या उजेडामुळे काळे पडलेले चार-पाच चेहरे. बोलणारा माणूस ऐकीव सांगत असतो. ‘ते जरा त्रास देतात’, ‘खाणं कमी झालंय’, ‘झोप नीट नाही’. किती कमी, कधीपासून, असं विचारलं की तो मागे वळतो. मागून कोणीतरी काहीतरी पुटपुटतं आणि ते माइकपर्यंत पोचत नाही. इकडे बसलेल्या डॉक्टरांना चादर ओली आहे का ते कळत नाही, लघवीचा वास येत नाही, पोट फुगलंय का हे हात लावून बघता येत नाही. ज्यांना हे सगळं कळतं त्या मागे उभ्या. मग डॉक्टर कुठल्याही केंद्राला, कुठल्याही आजोबांना लागू पडेल असाच सल्ला देणार. तुमच्या पदरात पडलेला अर्धा तास तिथून आलाय.

तेव्हा पहिलं काम, खुर्ची बदला. ज्या रहिवाशाबद्दल बोलायचं आहे त्याला त्या दिवशी जिने उठवलं, आंघोळ घातली, जेवू घातलं, ती मदतनीस कॅमेऱ्यासमोर बसली पाहिजे. तुम्ही तिच्या शेजारी. साहेबांनी शेवटच्या दहा मिनिटांत यावं, कारण माणसं, सामान, ड्युटीचं वेळापत्रक या गोष्टींवर ‘हो’ म्हणायचा अधिकार त्यांचा आहे. मुलीला बोलायची सवय नसेल, ती अडखळेल, चालेल. अडखळत सांगितलेली डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, सफाईदार ऐकीव गोष्टीपेक्षा डॉक्टरांच्या दसपट उपयोगाची.

दुसरं, एका तासात आठ-दहा जण घेऊ नका. दोन घ्या. फार तर तीन. हा काही माझा लहरी आग्रह नाही. आज जगभर या पद्धतीचा जो साचा वापरला जातो तो प्रोजेक्ट इको या नावाने २००३ साली अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात सुरू झाला. डॉ. संजीव अरोरा हे यकृताचे तज्ज्ञ. हेपटायटिस सी चे रुग्ण लांबलांबून त्यांच्याकडे यायचे आणि महिनोन्‌महिने थांबायचे. त्यांनी रुग्णांना बोलवायचं सोडून गावोगावच्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवलं. त्यांच्याच हातातली एकेक केस घेऊन ती खोलात चर्चिली. २०११ साली निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा गावच्या डॉक्टरांकडे बरे होणाऱ्यांचं प्रमाण विद्यापीठाच्या दवाखान्याइतकंच निघालं. तज्ज्ञाने दुरून रुग्ण तपासायचा हा त्यातला हेतूच नव्हता. जवळच्या माणसाचा हात तयार करायचा होता.

हाच साचा बोस्टनच्या एका रुग्णालयाने वृद्धांच्या निवासी केंद्रांसाठी वापरला, तोही नेमक्या तुमच्यासारख्या प्रश्नांसाठी: डिमेन्शिया असलेल्या माणसाचं ओरडणं, मारणं, रात्री भटकणं. अकरा केंद्रं दर वेळी आपली केस मांडायची आणि पलीकडे वृद्धरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ ऐकायचे. २०१६ साली आलेल्या अभ्यासात, तशाच इतर केंद्रांच्या तुलनेत इथल्या रहिवाशांना खाटेला किंवा खुर्चीला बांधून ठेवण्याची शक्यता ७५ टक्क्यांनी कमी दिसली, आणि मनोविकारावरची जड औषधं मिळण्याची शक्यता १७ टक्क्यांनी. बांधणं कॉलवरच्या डॉक्टरांनी सोडलं नाही. ते तिथल्या सिस्टर आणि मदतनिसांनी सोडलं. म्हणजे वापरलं तर हे चालतं.

आता आजोबांकडे येऊ. ते मारतात असं तुम्ही लिहिलंय, आणि बहुधा कॉलवरही एवढंच सांगितलं असणार. ‘मारतात’, ‘आक्रमक होतात’, ‘ऐकत नाहीत’ हे आपले निष्कर्ष झाले. पलीकडच्या माणसाला घडलेलं हवं असतं, भिंतीवरच्या कॅमेऱ्याने टिपावं तसं. समजा तुमच्या मदतनिसाने असं सांगितलं: ‘सकाळी साडेसातला उठवलं तेव्हा शांत होते. बाथरूमपर्यंत वॉकरने स्वतः चालत आले. शर्टची बटणं मी काढली तेव्हाही काही नाही. डाव्या बाहीतून हात काढायला गेले तसा त्यांनी दंड अंगाशी घट्ट धरला, “सोड, सोड” म्हणाले. मी जरा जोर लावला. तेव्हा उजव्या हाताने मारलं.’ एवढं ऐकल्यावर कुठलाही बरा डॉक्टर मानसोपचार बाजूला ठेवून डावा खांदा कसा आहे ते आधी विचारेल. कधी पडले होते का, हात खांद्याच्या वर जातो का, त्या कुशीवर झोपतात का.

मी खांद्याचं उदाहरण रचलं आहे, तुमच्या आजोबांचं कारण निराळं असेल. पण वेदना हे पहिलं बघायचं कारण, हे मी रचलेलं नाही. ज्याला ‘दुखतंय’ हा शब्द वेळेवर सापडत नाही त्याचं दुखणं हातापायांतून बाहेर पडतं. २०११ साली नॉर्वेतल्या केंद्रांमध्ये डिमेन्शिया असलेल्या आणि अस्वस्थ होणाऱ्या ३५२ रहिवाशांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना पायरीपायरीने वेदनाशामक उपचार दिले, त्यातल्या बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल पुरलं. आठ आठवड्यांत त्या गटाची अस्वस्थता दुसऱ्या गटाच्या मानाने सरासरी १७ टक्क्यांनी उतरली. याचा अर्थ उद्यापासून आजोबांना आपल्या मनाने पॅरासिटामॉल सुरू करा असा घेऊ नका. यकृत, चालू औषधं, डोस हे डॉक्टरांनी बघायचं. तुम्ही दुखणं मोजून द्यायचं. पेनॅड नावाची सोपी मोजपट्टी आहे. श्वास, तोंडून निघणारे आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजूत घातल्यावर शांत होतात का, अशा पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी किती हे आंघोळीआधी, आंघोळीत आणि नंतर, असं तीन-चार दिवस लिहून काढा. त्यातून वेदना आहेच असं सिद्ध होत नाही, पण बुधवारी समोर ठेवायला कागद तयार होतो.

दुखणं नाही असं दिसलं तर पुढे बघण्यासारखं खूप आहे. कानातलं यंत्र आणि चष्मा आपण आंघोळीआधी काढून ठेवतो. मग समोरची व्यक्ती कोण, काय बोलतेय, हे त्यांना ना दिसतं ना ऐकू येतं, आणि ती अनोळखी व्यक्ती कपडे ओढायला लागते. आपणही हातच उगारू. पाणी एकदम डोक्यावरून येतं का? बाथरूम गार आहे का? दोघीजणी दोन बाजूंनी एकाच वेळी बोलतात का? पोट साफ झालंय का? ठरावीक मदतनीस असली की मारत नाहीत असं आहे का, आणि असेल तर ती वेगळं काय करते? हा शेवटचा प्रश्न कॉलवर फार क्वचित कोणी मांडतं आणि उत्तर बरेचदा त्यातच असतं.

आंघोळीबद्दल तर चांगला पुरावाच आहे. २००४ साली अमेरिकेतल्या एका तुलनात्मक चाचणीत दोन पद्धती तपासल्या गेल्या. एकीत आंघोळ शॉवरखालीच, पण माणसाच्या कलाने: अंग झाकलेलं ठेवून, जो भाग धुवायचा तेवढाच उघडून, डोकं शेवटी. दुसरीत खाटेवरच, न धुवाव्या लागणाऱ्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या मोठ्या टॉवेलात गुंडाळून, वरून चोळत अंग स्वच्छ करायचं. मारणं-ओरबाडणं दोन्ही पद्धतींत निम्म्याहून जास्त कमी झालं. आणि एक गोष्ट तुम्हाला माहीतच असेल पण सकाळच्या धबडग्यात विसरते: पूर्ण आंघोळ रोज सकाळी व्हायलाच हवी अशी वैद्यकीय गरज नसते. तोंड, काखा, जांघा, शी-शूची जागा आणि त्वचेच्या घड्या रोज स्वच्छ आणि कोरड्या हव्यात. बाकी एक दिवसाआड, आणि सकाळीच असंही नाही. बावीस आंघोळी तिघींनी सकाळी उरकायच्या हा नियम तुमच्याकडे कोणी आणि कधी केला, हे एकदा विचारून बघा. बहुधा कोणालाच आठवणार नाही.

गोळी दिली नाही याचा राग आलाय तुम्हाला. मला ते वाचून त्या टीमबद्दल जरा बरंच वाटलं. अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, २००५ मध्ये मनोविकारावरच्या या जड औषधांच्या नव्या पिढीवर सगळ्यात कडक पातळीची धोक्याची सूचना छापायला लावली. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांवरच्या १७ चाचण्या एकत्र पाहिल्यावर, औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या १.६ ते १.७ पट आढळलं होतं. कारणं मुख्यतः हृदयाची आणि न्यूमोनियासारख्या संसर्गाची. २००८ मध्ये जुन्या पिढीच्या औषधांनाही तीच सूचना लागू झाली. शिवाय गुंगीत पडणं, गिळताना ठसका लागणं, दिवसभर पेंगत राहणं हे तुम्हाला मी सांगायला नको. ही औषधं कधीच द्यायची नाहीत असं नव्हे. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल आणि बाकीचे उपाय करून झाले असतील, तर कमी डोसमध्ये, थोड्या काळासाठी, बंद कधी करायची ती तारीख आधीच लिहून देतात. तुमच्या कॉलवर बाकीचे उपाय करून झाले होते का? नव्हते. म्हणून ते प्रश्न आले. मनगट मुरगळलेल्या मुलीच्या बाजूने तुम्ही बोलत होतात आणि उत्तरादाखल चौकशी सुरू झाली, त्यामुळे ती झोंबली, हे मात्र मी समजू शकते.

इथे एक गोष्ट बजावून सांगते. हे सगळं हळूहळू वाढलेल्या, महिनोन्‌महिने चालत आलेल्या वागण्याबद्दल झालं. आजोबा परवापर्यंत बरे होते आणि दोनच दिवसांत मारायला लागले, असं असेल तर बुधवारची वाट पाहायची नाही. तास-दिवसांत बदललेलं भान म्हणजे डिलिरियम समजायचं, आणि त्यामागे संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, नवं औषध, कमी झालेली साखर यांतलं काहीतरी असतं. त्याचा एक प्रकार आरडाओरडीचा असतो, तो सगळ्यांच्या लक्षात येतो. दुसऱ्यात माणूस गप्प पडून राहतो, झोपाळू होतो, घास तोंडात धरून बसतो, आणि आपण म्हणतो, आज आजी शांत आहेत हो. तो जास्त निसटतो. असं दिसलं तर तुमच्या स्थानिक डॉक्टरांना त्याच तासाला फोन. डोक्यावर पडलेला माणूस, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेला, छातीत दुखणं, धाप, वाकडं तोंड, जागं न होणं, हेही कुठल्याच कॉलसाठी ठेवायचं नाही. दूरची टीम या कामासाठी नाहीच, आणि हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. रात्रपाळीची एखादी नवी मुलगी ‘बुधवारी विचारू’ म्हणून थांबली, असं होऊ नये.

(जाता जाता: नुसतं वागणं बदललं म्हणून लघवीत तपासणीची पट्टी बुडवून जंतूंची खूण दिसली की अँटिबायोटिक सुरू, ही सवय तुमच्याकडे असेल तर ती टीमपुढे मांडा. निवासी केंद्रात राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी २५ ते ५० टक्क्यांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. पट्टीने कारण सापडल्याचं समाधान मिळतं आणि खरं कारण तसंच राहतं.)

बुधवारची तयारी कशी करायची? एका रहिवाशाला एक पान. एसबार नावाची पद्धत तुमच्या प्रशिक्षणात कदाचित झाली असेल. ती मुळात अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची, मग रुग्णालयांत आली. परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज, आपली मागणी, एवढ्या चार ओळी. आजोबांचं पान असं होईल:

‘आंघोळीच्या वेळी मारतात, गेल्या सात दिवसांत चार वेळा, चारही वेळा कपडे काढताना. वय ८१, डिमेन्शिया, मधुमेह, औषधांची यादी जोडली आहे, गेल्या महिन्यात नवं औषध नाही, दोन दिवसांआड पोट साफ. आम्हाला वाटतं डावा खांदा दुखत असावा, पेनॅड आंघोळीआधी १, कपडे काढताना ६. आम्हाला विचारायचं आहे: खांदा तपासायला फिजिओ कॅमेऱ्यावर काय करून बघायला सांगतील, आणि आंघोळीआधी वेदनेवर काही देता येईल का?’

तिसऱ्या ओळीला, म्हणजे ‘आम्हाला वाटतं’ला, बऱ्याच सिस्टर बिचकतात. निदान करायचा अधिकार आपला नाही म्हणतात. निदान करू नका. पण चोवीस तास जवळ असलेल्या माणसाचा अंदाज डॉक्टरांना हवा असतो, चुकला तरी हवा असतो. आणि चौथ्या ओळीत मागणी एकच, नेमकी ठेवा. ‘काहीतरी करा’ म्हणालात की काहीतरीच मिळतं.

रात्रपाळीच्या मुली दुपारच्या कॉलला कधीच नसणार, आणि अर्ध्या गोष्टी तर रात्रीच घडतात. त्यांना पानावर दोन ओळी लिहायला सांगा. लिहायचा कंटाळा असेल तर हँडओव्हरच्या वेळी तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकून लिहा.

आता तो अर्धा तास. तुम्ही कॉलवर त्याला ‘हो’ म्हणालात ना? मला खात्री आहे की म्हणालात. समोर डॉक्टर, शेजारी साहेब, कोण नाही म्हणेल. पण मान डोलवून यायचं आणि मग करायचंच नाही, याने पुढच्या बुधवारी ते समजतात की उपाय केला आणि उपयोग झाला नाही, आणि मग त्या चुकीच्या पायावर पुढचा सल्ला रचतात. तिथल्या तिथे सांगा: ‘डॉक्टर, सकाळी आम्ही तिघी आणि बावीस आंघोळी. एका माणसाला जास्तीत जास्त बारा-पंधरा मिनिटं मिळतात. त्यातली तीन मिनिटं बोलण्यात घालवायची असतील तर ती कशी वापरू?’ हा उद्धटपणा नाही. तुमच्याकडे किती हात आहेत हे त्यांना ठाऊकच नसतं, ते सांगितल्याशिवाय त्यांचा सल्ला अर्धवटच राहणार. चांगला सल्लागार लगेच दुसरं काहीतरी काढेल: बाथरूममध्ये न्यायच्या आधी खाटेवरच दोन वाक्यं, एका वेळी एकच जण बोलेल, टॉवेल त्यांच्या हातात द्या, आंघोळ दुपारी हलवा. आणि शेवटच्या दहा मिनिटांत साहेब आले की हाच हिशेब त्यांच्या कानावर डॉक्टरांच्या तोंडून जाईल, हा वरचा फायदा. तुम्ही चार महिने सांगून जे झालं नाही ते पडद्यावरच्या माणसाने एकदा सांगितल्यावर होतं. अन्याय आहे, पण वापरून घ्या.

मावशींच्या संशयाला मी हसणार नाही. साहेब कॉलला बसतात, कोण काय बोललं ते ऐकतात आणि पगारवाढ तेच ठरवतात, तर मावशींना तसं वाटणारच. ज्या दिवशी कॉलवर सांगितलेली एक चूक कोणाच्या मेमोत आली, त्या दिवसापासून तिथे फक्त ‘सगळं ठीक आहे’ ऐकू येईल आणि करारावरचा खर्च पाण्यात जाईल. हे साहेबांना याच भाषेत सांगा, त्यांना समजेल. त्यांच्याकडून लेखी घ्या: या कॉलमध्ये बोललेलं शिस्तीच्या कारवाईसाठी वापरलं जाणार नाही, कॉल कोणाच्या नकळत रेकॉर्ड होणार नाही, आणि कॉलचा तास ड्युटीतच धरला जाईल, सुट्टीच्या दिवशी कोणाला बोलावलं जाणार नाही. अपवाद एकच. रहिवाशाला कोणी मारलं, छळलं, उपाशी ठेवलं असं पुढे आलं तर ते झाकलं जाणार नाही. ही ओळ मावशींसमोर मोठ्याने वाचा. बहुतेक जणींना ती पटेल, कारण वाईट वागणारी एखादी कोण आहे हे त्यांना साहेबांच्या आधी माहीत असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. दूरच्या टीमने औषध सुचवलं आणि तुमचे नेहमीचे डॉक्टर वेगळंच म्हणाले तर कोणाचं चालणार, हे करारात स्पष्ट हवं. नसेल तर आजच विचारा, कारण भांडण दोन डॉक्टरांचं असतं आणि सापडते सिस्टर. तोंडी सांगितलेला डोस परत म्हणून दाखवायचा, चार्टवर लिहायचा, आणि त्यांच्याकडून लेखी आल्याशिवाय सुरू करायचा नाही. बेडसोरचा, म्हणजे पडून राहून झालेल्या जखमेचा, फोटो पाठवायचा झाला तर रहिवाशाची किंवा नातेवाइकांची संमती, चेहरा नाही, नाव नाही, स्वतःच्या फोनवरून नाही. जखमेशेजारी कागदी मोजपट्टी धरा, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून आणि तशाच उजेडात काढा. आणि वास, ओल, आजूबाजूची त्वचा गरम लागते का, हे शब्दांत लिहा. फोटोत ते येत नाही.

राहिली ती मनगट मुरगळलेली मुलगी. तुमच्या पत्रात तिच्यावर एकच वाक्य आहे. तिला नंतर कोणी विचारलं का? ती परत त्याच आजोबांना आंघोळ घालते का, आणि घालताना घाबरते का? घाबरलेला हात घट्ट पकडतो, घट्ट पकडलं की समोरचा झटका देतो, आणि त्याचीही नोंद ‘आजोबा आक्रमक’ अशीच होते. टीममध्ये मानसोपचारतज्ज्ञ आहेत, तेव्हा महिन्यातला एक कॉल रहिवाशांबद्दल न ठेवता तुमच्या माणसांसाठी मागून घ्या. मार खाल्ल्यावर काय वाटतं, वर्षानुवर्षं सांभाळलेली आजी गेल्यावर दुसऱ्या दिवशी तीच खाट दुसऱ्याला कशी द्यायची, यावर बोलायला या कामात जागाच नसते. साहेब म्हणतील की करारात बसत नाही. म्हणू दे, तरी मागा. त्या मुलीच्या दुखापतीची नोंद अपघात-वहीत झाली नसेल तर तीही उशिरा का होईना करून घ्या.

साहेबांना तीन महिन्यांची मुदत सुचवा आणि आजपासूनच चार गोष्टी मोजायला लागा: आंघोळीच्या वेळचे मारण्याचे प्रसंग, पडण्याचे प्रसंग, गरजेनुसार म्हणून दिलेल्या गुंगीच्या गोळ्या, आणि रुग्णालयात हलवावं लागलेले रहिवासी. आकडे सुरुवातीला वाढलेले दिसतील, कारण आधी कोणी लिहीतच नव्हतं. त्याने घाबरू नका, साहेबांनाही आधीच सांगून ठेवा.

आणि टीमलाही याच तीन महिन्यांत जोखा. मागच्या केसचं काय झालं हे ते स्वतःहून विचारतात का? दर वेळी नवाच चेहरा बसतो की तीच माणसं येतात? तुम्ही ‘हे जमणार नाही’ म्हटल्यावर दुसरा मार्ग काढतात, की तोच सल्ला जरा मोठ्या आवाजात देतात? मदतनीस बोलत असताना ऐकतात की मोबाइल बघतात? तुम्ही पान तयार करून गेलात, मुलीला समोर बसवलंत, आणि तरीही पलीकडून ‘गप्पा मारत जा’ एवढंच येत राहिलं, तर करार संपवा म्हणून सांगा, आणि सांगताना ती सगळी पानं साहेबांच्या टेबलावर ठेवा.